दार नसलेला कोपरा

१

टेपवर मत बदलणं फुकट असतं. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला ऐकवायचो. ग्राहक तोवर दोनच झाले होते आणि त्यातली दुसरी माझी सख्खी बहीण होती, पण वाक्य तयार होतं.

घराचं नूतनीकरण म्हणजे लोकांना लुटायचा परवाना झालाय, असं माझं मत होतं आणि आजही आहे. ज्या मोठ्या ऑफिसात मी शिकाऊ म्हणून राबलो, तिथे ग्राहकाला आधी रंगीत चित्रं दाखवत. चित्रात खिडकीतून कोवळं ऊन यायचं, सोफ्यावर पुस्तक उघडं पडलेलं असायचं. माणूस चित्राला भुलून हो म्हणाला की भिंती फोडायच्या, आणि मग एकेक बिल काढायचं. हे अंदाजात नव्हतं, ते फोडल्यावर निघालं, हे तर तुम्हीच बदललंत. फुटक्या घरात, नाकाला रुमाल लावून उभा असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. मी तिथून भांडून बाहेर पडलो.

माझी पद्धत वेगळी होती. आधी नुसतं ऐकायचं: घरात कोण कधी उठतं, ओला टॉवेल कुठे टाकतं, कोणाला कोणाचा आवाज सहन होत नाही. मग मापं. मग आराखडा, आणि त्याच्यासोबत असा खर्चाचा अंदाज की शाळेतल्या मुलालाही कळावा. आणि एक वीटही फोडण्याआधी, पिवळी चिकटपट्टी, म्हणजे टेप, घेऊन तो आराखडा खऱ्या मापात घराच्या फरशीवर उतरवायचा. घरच्यांनी काही दिवस त्यात राहायचं. नियम एकच, भिंत म्हणजे भिंत. पट्टी ओलांडायची नाही. जिथे दार आखलंय तिथूनच आत-बाहेर करायचं. कुठे कोपर लागतं, कुठे उगाच वळसा पडतो, ते कागदावर कळत नाही, अंगाला कळतं.

नियम मीच केला होता, आणि नियमाच्या बाबतीत मी कडक होतो.

२

ताई घरी बसून भाषांतरं करते. इतकी वर्षं ती जेवणाच्या टेबलावर करत आली, एका बाजूला भाजीची पिशवी, दुसऱ्या बाजूला दाजींचा टीव्ही. दाजी म्हणजे तिचा नवरा, भला माणूस, पण क्रिकेट सुरू असलं की त्याला बायको आहे हे आठवत नाही.

"मला मोठी खोली नको," ताई म्हणाली. "मला दार हवंय. लोटलं की तुझ्या दाजींचा टीव्ही बंद झाला पाहिजे."

"टीव्ही बंद करायचं बटण आहे की," दाजी म्हणाले.

"ते तुमच्या हाताखाली दबलेलं असतं."

पैसे ताईचे होते, भाषांतराचे साठवलेले. त्यामुळे अंदाज मी दोनदोनदा तपासला होता. हॉल लांबलचक होता. त्यातला मागचा तुकडा कापून तिची खोली करायची, बाजूने अरुंद पॅसेज. मी टेबलावर कागद पसरून समजावलं, की खर्चाचे तीन वाटे असतात. एक डोळ्यांना दिसणाऱ्या कामाचा, एक न दिसणाऱ्या कामाचा आणि एक मत बदलण्याचा. लोक पहिल्यावर घासाघीस करतात आणि बुडतात तिसऱ्यात.

"न दिसणाऱ्या कामाचे पैसे आम्ही का द्यायचे?" दाजींनी विचारलं.

"वायरिंग, पाइप, आतला सांगाडा. ते दिसत नाही म्हणून नसतं असं नाही ना, दाजी."

"माझ्यासारखं," ताई म्हणाली. "एक दिवस आजारी पडले की कळतं तुम्हाला." आणि लगेच तिचं बोट आराखड्यावर थांबलं. "बारक्या, हे काय? या चौकोनाला दारच नाही."

बारक्या म्हणजे मी. घराबाहेर मला कोणी तसं म्हणत नाही.

तो पॅसेजच्या टोकाचा कोपरा होता. एका बाजूला इमारतीचा खांब, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याचा जुना पाइप, मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. तिथे कपाट करायचं तर चौकट, पल्ला, बिजागऱ्या, आत दिवा, सगळंच आलं. त्यापेक्षा समोरून एक बोर्ड ठोकून बंद करणं स्वस्त. अशा जागेला आम्ही वाया जागा म्हणतो. प्रत्येक घरात एखादी निघते.

"बंद करून टाकू," मी म्हणालो. "तेवढे पैसे तुझ्या दाराला वापरू. चांगलं, जाड दार."

"आणि आत काय राहणार?"

"हवा."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे," पण ते ठीक आहे असं तिच्या आवाजात नव्हतं.

३

सामान एका खोलीत रचून आम्ही हॉल रिकामा केला आणि पट्ट्या चिकटवल्या. ताईला मी चिन्हं शिकवली. पट्टीत मोकळी जागा सोडली आणि बाजूला पाव वर्तुळ काढलं की ते दार. ती पहिल्या फटक्यात शिकली. शाळेतही ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे घरातले सगळे अजून मला सांगतात.

पहिले एकदोन दिवस नुसता खेळ चालला होता. दाजी वर्तमानपत्र वाचत सरळ पॅसेजमधून ताईच्या खोलीत घुसायचे.

"दाजी, तुम्ही भिंत फोडलीत."

"मग प्लास्टरचे पैसे माझ्या नावावर लाव."

ताई मात्र त्यात मनापासून राहत होती. हातात चहाचे कप घेऊन अख्खा वळसा घालायची, दाराच्या जागी थांबायची, कोपराने नसलेलं दार ढकलायची. मला ते फार आवडलं. वाटलं, हेच, लोकांना त्यांचं घर आधी कळायला हवं ते असं.

एका दुपारी मी पॅसेजमध्ये मापं घेत होतो. ताई तिच्या खोलीत, म्हणजे माझ्यापासून चार-पाच पावलांवर, खुर्चीत बसून लॅपटॉपवर काम करत होती. मध्ये फक्त पट्टी. मी विचारलं, "खिडकी अजून थोडी मोठी करायची का?" तिने मान वर केली नाही. परत विचारलं. मग तिने मला पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि ओठ हलवले.

मला शब्द ऐकू आले, पण लांबून. शेजारच्या घरात कोणी बोलतं तेव्हा येतात तसे, कडा नसलेले. ती उठली, आखलेल्या दारापाशी आली आणि हाताने दार ओढल्यासारखं केलं.

"काय ओरडतोयस?" ती म्हणाली. आता आवाज नेहमीचा, कानाजवळचा. "दार लोटलंय तर ठोठावायचं ना."

मी हसलो. रिकाम्या खोलीत आवाज विचित्र वागतो, पडदे काढलेले, सतरंज्या गुंडाळलेल्या. कॉलेजात त्यावर अख्खा पेपर असतो. मी तो चांगल्या मार्कांनी पास झालोय, असं मी स्वतःला सांगितलं आणि मापाची फीत गुंडाळून ठेवली. पॅसेजमध्ये जरा अंधारून आल्यासारखं वाटत होतं. खिडकी तर उघडीच होती.

४

"त्या कोपऱ्यातून आवाज येतो," ताईने फोनवर सांगितलं.

"कसला?"

"कोणीतरी आतून वाजवतं. तुझ्या त्या बंद कोपऱ्यातून."

"ताई, तो कोपरा बंद नाही. तिथे नुसती पट्टी आहे. उघड्या जागेला आतून कसं वाजवणार?"

ती म्हणाली, "मला माहीत आहे, म्हणून तर फोन केला."

मला राग आला, तिचा नाही, पाइपचा. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरून पाणी सुटलं की पाइप ठोके देतो. हे अंदाजात धरायला हवं होतं. मी प्लंबरला घेऊन गेलो. त्याने पाइपवरचं जुनं प्लास्टर फोडलं, त्याचा पांढरा भुगा सगळ्या कोपऱ्यात पसरला. मग पाइपला कान लावला, पान्याने दोनदा ठोकलं.

"हा मेलाय," तो म्हणाला. "वरून केव्हाच तोडलाय. यातून थेंब जात नाही."

"मग आवाज?"

"कसला आवाज?" त्याने पिशवी भरली. "जागा चांगली आहे साहेब. वाया कशाला घालवताय?"

तो गेल्यावर मी कोपऱ्यासमोर उभा राहिलो. ताई माझ्या मागे, अगदी पाठीला लागून. उन्हं भरपूर होती. समोर खांब, फुटलेलं प्लास्टर, पाइप, फरशीवर भुगा आणि या बाजूला पिवळी पट्टी. बाकी काही नाही.

मग ते वाजलं. हलकंच, बोटाच्या पेरांनी. पाइपकडून नाही, खांबाकडूनही नाही. आवाज आमच्या बाजूने, पट्टीच्या बरोबर वर, माझ्या छातीच्या उंचीवरून आला. जिथून आला तिथे हवा होती.

ताईने माझी बाही धरली. लहानपणी आई-बाबांचं भांडण दाराआडून ऐकताना आम्ही असेच उभे असायचो.

५

"तिथे दार ठेव," ती म्हणाली.

"कशाला?"

"आत जे आहे त्याला बाहेर यायला. बारक्या, दार नसलेली खोली कोणी काढतं का? तू काढलीस. मी हो म्हणाले. आपण दोघांनी कोणाला तरी आत ठेवून भिंत घातलीय."

दाजी संध्याकाळी घरी होते. त्यांना आवाजाचं सांगायची माझी छाती झाली नाही, फक्त म्हणालो की ताईला कोपऱ्यात दार हवंय.

"त्या बिळाला दार? आत कोण राहणार, पोटभाडेकरू?"

"किती वाढेल?" ताईने मला विचारलं.

मी आकडा सांगितला. फार नव्हता. आता वाटतं, मी माझ्या खिशातून भरले असते तरी चाललं असतं. पण माझा अंदाज एका रुपयानेही वाढत नाही, हे मी तोवर किती लोकांना छाती ठोकून सांगितलं होतं. आणि तो वाढणार कशामुळे, तर पाइपच्या आवाजामुळे, जो पाइपचा नव्हता. जुन्या ऑफिसातले लोक हसले असते. "ताई, तू घाबरलीयेस म्हणून मी आराखडा बदलू?" मी म्हणालो. "घाबरून घेतलेला प्रत्येक निर्णय महाग पडतो. मी हेच तर सगळ्यांना शिकवत फिरतो."

"मी घाबरलेली नाही," ताई म्हणाली. "मला वाईट वाटतंय."

मी निघताना ती फरशीवर वाकून बसली होती. तिने नखाने कोपऱ्याची पट्टी उचलली, एक तुकडा फाडला आणि मोकळ्या जागेच्या बाजूला नवी पट्टी वळवून पाव वर्तुळ चिकटवलं. अगदी मी शिकवलं होतं तसं.

"टेपवर फुकट असतं ना?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी घराचं दार ताईनेच उघडलं. केस विंचरलेले, चेहरा ताजातवाना. मी आत येण्याआधीच ती म्हणाली, "तुझंच बरोबर होतं. कोपरा बंदच करून टाक. आज सुतार येणारच आहे."

"आवाज?"

"पाइपचा असेल."

मी बूट काढता काढता थांबलो. आमच्या घरात ताईने माझं म्हणणं मान्य केल्याची एकही आठवण माझ्याकडे नाही. ग्राहक म्हणून तर तिने इंच-इंच लढवला होता. स्विच किती उंचीवर, बिजागरी कोणती, फळी अर्धं बोट खाली का नाही.

"आणि माझ्या खोलीलाही दार नको," ती पुढे म्हणाली. "पडदा चालेल. तेवढाच खर्च वाचेल."

"तुला दारच तर हवं होतं."

"कशाला? मला काय लपवायचंय?"

ती हसली. हसणं ताईचंच होतं. चहा टाकायला ती स्वयंपाकघरात गेली, वळसा घालून, दारांच्या जागांमधून, नियम पाळत. टीव्ही मोठ्याने चालू होता. मी बंद करायला गेलो तर म्हणाली, "असू दे, बरं वाटतं."

मी कोपऱ्याकडे गेलो. रात्री सोडलेली मोकळी जागा भरलेली होती. नवी पट्टी, ताणून, एकही सुरकुती न पडू देता चिकटवलेली. पाव वर्तुळ खरवडून काढलं होतं.

कप ओट्यावर आपटले, गॅस पेटला, ताई काहीतरी गुणगुणायला लागली. आणि माझ्या समोर, हवेत, पेरांचा आवाज सुरू झाला. आदल्या दिवशीसारखा हलका नाही. घाईघाईने, थांबून थांबून, ओळखीचं माणूस दाराबाहेर आहे हे कळल्यावर वाजवतात तसा.

७

मी स्वतःला खूप समजावलं. माणसं मत बदलतात. झोप नीट झाली की भीती जाते. बायका दारं मागतात आणि मग पडदे घेतात, यात कसलं आलंय गूढ. मी दाजींना ऑफिसात फोन केला आणि विचारलं, ताई बरी आहे ना?

"एकदम मस्त. काल रात्री माझ्याबरोबर बसून मॅच बघितली. तू काय जादू केलीस?"

मी फोन ठेवला आणि कोपऱ्यासमोर गुडघ्यांवर बसलो. प्लास्टरचा भुगा अजून झाडला नव्हता. पट्टीच्या आत, अगदी कडेला, त्या भुग्यात दोन अनवाणी पावलांचे ठसे होते. बोटं माझ्याकडे. तिथे कोणी नव्हतं. मी डोळे चोळले, खाली वाकलो, गाल फरशीला टेकवला. ठसे होते.

उभी राहून वाट बघायची वेळ आली की ताई डाव्या पायाच्या अंगठ्याने उजव्या पावलाची कड घासत राहते. बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, बाबांना ऑपरेशनला नेलं होतं तेव्हा दवाखान्यात. तिला स्वतःला ते माहीत नाही.

भुग्यातला डावा ठसा सरकला. उजव्या ठशाच्या कडेला एक छोटी रेघ उमटली. मग तिच्यावरच दुसरी. मग तिसरी.

मी पट्टी उपटायला लागलो. नखं मोडली, फरशीवर डिंकाचे पिवळे पट्टे राहिले, सगळी पट्टी गोळा होऊन माझ्या मुठीत आली. मी हात पुढे केला, तिला धरून बाहेर ओढायला, आणि माझी बोटं मोडता मोडता राहिली. हात आडवा फिरवला, खांबापासून पाइपपर्यंत. गार, सपाट, घट्ट. पट्टी निघाली होती, भिंत निघाली नव्हती.

"चहा होतोय," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली. दाराच्या जागी ती उभी होती. दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकलेली, हलत नव्हती. "पट्टी का काढलीस? सुतार आता येईलच ना."

८

सुतार बोर्ड खांद्यावर घेऊन आला.

"बंद करायचाय ना हा कोपरा?"

"नाही," मी म्हणालो. "दार बसवायचंय. आजच. आत्ता."

"कशावर बसवू? भिंतच नाही अजून."

"चौकट उभी करा आणि दार बसवा. पैसे मी देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खरचटलेल्या हाताकडे, आणि खांदे उडवून हत्यारं काढली. चौकटीचं माप घ्यायला तो सरळ कोपऱ्यात शिरला. सहज. त्याला काही लागलं नाही, अडलं नाही. तो भुग्यात उभा राहिला, वळला, एक गुडघा टेकला.

"तिथे पाय नका ठेवू," मी म्हणालो.

"मग माप हवेत राहून घेऊ?"

तो बाहेर आला तेव्हा भुग्यात फक्त त्याच्या चपलांचे ठसे होते. मी बघत राहिलो. काही सरकलं नाही. वाजणंही थांबलं होतं. मी हात पुढे केला, आणि हात अडला. माझाच अडत होता. भिंत म्हणजे भिंत हे शिकवणारा मी, आणि ते मनापासून शिकलेली ती.

चौकट बसली. पल्ला बसला. लाकूड पाइपइतकंच खरं होतं, आणि मला वाटलं, आता ती येईल. पट्टीचं दार पट्टीने बुजवता येतं, याला तसं करता येणार नाही. मी पल्ला उघडला. आत खांब, फुटकं प्लास्टर, चपलांचे ठसे. मी पल्ला लोटून ठेवला. मग अगदी हळू, नव्या लाकडामागून, पेरांचा एक ठोका आला. एकच.

"कडी कुठून लावू?" सुताराने विचारलं. त्याने काही ऐकलं नव्हतं.

"बाहेरून," माझ्या मागून ताई म्हणाली. "कपाटाला कडी बाहेरूनच असते."

"आतून," मी म्हणालो.

सुतार हसला. "आतून? आत बसून कोण लावणार?"

"लावणार नाही. काढणार. बाहेरून काही लागतच नाही, अशी करा."

त्याने पल्ला उघडला, पेन्सिलीने आतल्या बाजूला खूण केली आणि ड्रिलची वायर खोलायला लागला. मी मागे बघितलं नाही. ताई जवळ आली होती. तिच्या केसांचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि तो तोच होता.

"नक्की ना?" सुतार म्हणाला.

"नक्की."

ताईने माझी बाही धरली.

"बारक्या," ती हळूच म्हणाली, "आत मी नसले तर?"

सुताराने ड्रिल सुरू केलं.